मद्यगृहातून मद्य बाहेर नेण्यासंबंधीचे कायदे

मद्यगृहात विकत घेतलेले मद्य ग्राहकाने तेथेच प्यावे, की ते बाटलीतून वा पेल्यातून आवाराबाहेर नेता यावे, हे ठरविणारे विधिनियम. मद्यविक्रीचे ‘जागेवर पिण्यासाठी’ व ‘बाहेर नेण्यासाठी’ असे दोन प्रकार अनेक देशांत मानले जातात. इंग्लंड व वेल्समधील २००३ चा अनुज्ञप्ती अधिनियमही हाच भेद करतो.

महाराष्ट्रात या विषयाचा पाया मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ (पुढे ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम’) हा आहे. या अधिनियमानुसार मद्य बाळगणे, विकणे, पिणे व त्याची वाहतूक करणे ही सर्व कृत्ये मुळात निषिद्ध असून अनुज्ञप्ती वा परवाना हा त्या निषेधाला दिलेला अपवाद होय. मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये अधिनियमाचा बहुतांश भाग वैध ठरविला. मद्यार्कयुक्त औषधांसंबंधीच्या तरतुदींसारखा काही भाग मात्र रद्द केला. पुढे दारूबंदी शिथिल झाली, तरी अधिनियमाची मूळ रचना कायम राहिली. मद्यगृहाला महाराष्ट्रात रूढ झालेले ‘परमिट रूम’ हे नाव याच रचनेतून आलेले आहे. कारण विक्रेत्याला अनुज्ञप्ती लागते, त्याचप्रमाणे पिणाऱ्यालाही परवाना लागतो.

मुंबई विदेशी मद्य नियम, १९५३ अन्वये परमिट रूमला ‘एफ.एल.-३’ व किरकोळ विक्रीच्या दुकानाला ‘एफ.एल.-२’ अनुज्ञप्ती मिळते. ‘विदेशी मद्य’ या संज्ञेत भारतात तयार होणाऱ्या व्हिस्की, रम, बिअर इत्यादींचाही समावेश होतो. देशी मद्यासाठी १९७३ चे स्वतंत्र नियम आहेत. एफ.एल.-३ धारकाने मद्य आवारातच प्यावयास द्यावयाचे असते. दुकानातून मात्र मोहोरबंद बाटलीच बाहेर जाते. त्यामुळे एकच मद्य एका दारातून बाहेर नेणे वैध, तर शेजारच्या दारातून नेणे अवैध ठरते. राज्यात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणे, अशी वाहतुकीची व्यापक व्याख्या अधिनियमात असल्याने हातातील पेला रस्त्यावर आणणेही तीत येऊ शकते. अनुज्ञप्तीच्या शर्तींचा भंग झाल्यास ती निलंबित वा रद्द करता येते. सार्वजनिक ठिकाणी मद्यधुंद अवस्थेत गैरवर्तन करणे हा स्वतंत्र अपराध होय.

या भेदामागे दोन कारणे आहेत. पहिले सार्वजनिक शांततेचे : आवारात ग्राहकावर अनुज्ञप्तिधारकाची देखरेख असते, ती उंबरठ्याबाहेर संपते. दुसरे महसुलाचे : बाटलीच्या व जागेवरील विक्रीची करआकारणी भिन्न असते. परमिट रूममधील विक्रीवरील मूल्यवर्धित कर १ नोव्हेंबर २०२३ पासून ५ टक्क्यांवरून १० टक्के करण्यात आला.

लहान शहरांत या नियमांना विशेष महत्त्व येते. ठाणे जिल्ह्यातील चिखलोली हे मूळचे खेडे आज अंबरनाथ नगरपरिषदेच्या हद्दीत, औद्योगिक क्षेत्राच्या सान्निध्यात आहे. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर यांच्या वस्त्या आता जवळजवळ सलग झाल्या आहेत. अशा दाट वस्तीत मद्यगृहाच्या दारापासूनच रहदारीचा रस्ता व घरांची ओळ सुरू होते. त्यामुळे बाहेर आलेल्या मद्याचा उपद्रव प्रथम शेजाऱ्यांना, विशेषतः स्त्रिया व मुले यांना होतो. तथापि मद्याची अनुज्ञप्ती देणे हे नगरपरिषदेचे काम नाही. तो अधिकार राज्य शासनाचा असून जिल्हाधिकारी व राज्य उत्पादन शुल्क विभाग यांच्यामार्फत तो वापरला जातो. रहिवाशांच्या हाती थेट उपाय एकच : २००८ च्या शासकीय आदेशानुसार गावातील वा प्रभागातील किमान २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केल्यास गुप्त मतदान घेतले जाते आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते ‘आडव्या बाटली’ला मिळाल्यास तेथील विक्री बंद होते. मात्र हा उपाय विक्री सरसकट बंद करणारा आहे. बाटली वा पेला बाहेर जाऊ देण्याचे नियम त्याने ठरविता येत नाहीत.

कोविड–१९ साथीत हा भेद तात्पुरता शिथिल झाला. मद्यगृहे बंद असल्याने मे २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने परमिट रूमना शिल्लक साठा मोहोरबंद बाटल्यांतून विकण्यास मुभा दिली. इंग्लंडमध्येही त्याच वर्षी मद्यगृहांना बाहेर नेण्यासाठी विक्री करण्याची सवलत देण्यात आली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत याउलट नगरांना स्वतःचे नियम करण्यास बराच वाव आहे : अनेक नगरांत रस्त्यावर उघडे मद्यपात्र बाळगणे दंडनीय आहे, तर न्यू ऑर्लीन्स शहरात प्लॅस्टिकच्या पेल्यातून ते नेता येते. गोव्यात मद्यपानास महाराष्ट्राप्रमाणे परवाना लागत नाही. तरीही २०१९ मध्ये समुद्रकिनाऱ्यांवर मद्य पिणाऱ्यास दंडाची तरतूद करण्यात आली. मद्यपानास मुभा देणाऱ्या प्रदेशांनाही सार्वजनिक जागेची मर्यादा आखावी लागते, हे यावरून दिसून येते.