1,94,582 नग

1954 साली ‘वॉरियर’ नावाचं मालवाहू जहाज ब्रुकलिनच्या धक्क्यावरून जर्मनीतल्या ब्रेमरहाफेनला निघालं. बहुतेक माल अमेरिकी लष्कराचा. सरकारी अभ्यासासाठी त्यातली वस्तू न् वस्तू मोजली गेली. भरले 1,94,582 नग : 74,903 पेट्या, 71,726 पुठ्ठ्याची खोकी, 24,036 पोती, 1,538 ड्रम, 53 गाड्या आणि किरकोळ बरंच काही. हा माल 151 गावांहून, 1,156 खेपांनी धक्क्याला लागला होता. त्यातलं प्रत्येक खोकं कुणीतरी उचललं, पॅलेटवर रचलं, जहाजाच्या पोटात जाऊन पुन्हा हाताने लावलं. माल हलू नये म्हणून मारलेल्या फळ्या आणि दोरखंड यांचंच बिल 5,031 डॉलर!

भरायला सहा दिवस लागले, त्यातला एक संपात गेला. उतरवायला चार. अख्खा अटलांटिक ओलांडायला मात्र साडेदहाच. एकूण खर्चात समुद्रप्रवासाचा वाटा होता साडेअकरा टक्के, तर दोन्ही बंदरांवरच्या चढउताराचा जवळपास 37. म्हणजे जहाजाचा वेग वाढवून फारसं काही साधणार नव्हतं. पैसा धक्क्यावर मुरत होता.

हे ओळखलं ते नॉर्थ कॅरोलायनाच्या एका ट्रकमालकाने. माल्कम मॅकलिनला दर्यावर्दीपणाचा गंध नव्हता, आणि माझ्या मते तेच पथ्यावर पडलं. 26 एप्रिल 1956 रोजी त्याचं ‘आयडियल-एक्स’ हे जुनं तेलवाहू जहाज 58 अ‍ॅल्युमिनियमचे पेटारे, म्हणजेच कंटेनर, घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं. सुटा माल चढवायला टनामागे 5.83 डॉलर पडत. इथे पडले 16 सेंटहून कमी. सदतिसावा हिस्सा!

पुढे व्हिएतनाम युद्धाने हात दिला. कॅम रान्ह उपसागरात रसद उतरवून रिकामे परतणारे मॅकलिनचे कंटेनर वाटेत जपानी मालाने भरले जाऊ लागले. जाण्या-येण्याचं भाडं लष्कराने मोजलेलंच होतं.

2021 मध्ये सुएझ कालव्यात सहा दिवस अडकलेल्या ‘एव्हर गिव्हन’वर वीस फुटी वीस हजारांहून जास्त कंटेनर मावतात. एकामागे एक लावले, तर मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग संपूनही रांग उरेल. एवढ्या जहाजावर खलाशी 25, सगळे भारतीय.

आणि धक्क्यावरची माणसं? मॅनहॅटनच्या गोद्यांत 1963-64 मध्ये कामगारांच्या सुमारे 14 लाख हजेऱ्या भरल्या. बारा वर्षांनी सव्वा लाखाच्या आसपास. त्यांची संघटना खमकी होती. काम असो-नसो, वर्षाला 1,600 तासांची मजुरी तिने 1964 च्या करारात पदरात पाडून घेतली. पण ती पटावर असलेल्यांपुरतीच. बापाने मुलाला गोदीत चिकटवायची तिथली जुनी रीत. आता चिकटवायला जागाच नव्हती.