मालाचा भाव कळतो, मालातील विषाचा हिशेब कुणी ठेवायचा?

तिजारत दोन गोष्टींवर चालते, माप आणि माल. माप कमी भरले तर गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी भांडायला येते. मालात डोळ्यांना न दिसणारे विष असेल तर त्याचा परिणाम कळायला वीस वर्षे लागतात. तोवर दुकानही बदललेले असते आणि मालकही. दूध, तूप, मांस, मासळी आणि भंगार या धंद्यांत आमचे अनेक बांधव आहेत. म्हणून आज या पानावर हा विषय घेत आहोत.

आमच्या कुंभिवलीच्या आसपास एका बाजूला भातशेती आणि म्हशींचे गोठे, दुसऱ्या बाजूला कारखान्यांची धुराडी. खोपोलीला टाटांच्या वीजकेंद्रातून सुटणारे पाणी घेऊन पाताळगंगा वाहते. तिच्याच खोऱ्यात रसायनी आहे. तेथील हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्स या सरकारी कंपनीच्या कारखान्यात अनेक वर्षे डीडीटी तयार झाले. मलेरियाच्या डासांवर ते जालीम औषध होते आणि त्याने लाखो जीव वाचवले, हे नाकारता येत नाही. पण डीडीटी सहजासहजी नष्ट होत नाही. पाण्यात ते विरघळत नाही, चरबीत विरघळते. गोठ्यात फवारले, चाऱ्यावर उतरले, म्हशीच्या पोटात गेले की तिच्या चरबीत साठते आणि दुधावाटे बाहेर पडते.

याचा पुरावा १९९३ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अहवालाने दिला. १२ राज्यांतून गाई-म्हशींच्या दुधाचे २,२०५ नमुने तपासले. त्यांपैकी ८२ टक्के नमुन्यांत डीडीटीचा अंश सापडला. ३७ टक्के नमुने त्या वेळच्या मर्यादेच्या, म्हणजे किलोमागे ०.०५ मिलिग्रॅमच्या, वर होते. मर्यादा ओलांडणाऱ्या नमुन्यांचे प्रमाण सर्वांत जास्त कुठे निघाले? आपल्या महाराष्ट्रात, ७४ टक्के! शेतीत डीडीटी वापरण्यास १९८९ सालीच बंदी झाली होती, हे येथे लक्षात घ्यावे.

आता ही मर्यादा ठरते कशी, ते व्यापारी भाषेत पाहू. यात दोन वेगळी खाती आहेत. पहिले खाते माणसाचे. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००० साली सांगितले की, शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत डीडीटी पोटात गेले तर चालेल. म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज ०.६ मिलिग्रॅम आणि १० किलोच्या बाळाला फक्त ०.१ मिलिग्रॅम. दुसरे खाते मालाचे. एक किलो दुधात किती अंश असावा, हे सरकार ठरवते. पहिले खाते सांभाळले जावे म्हणून दुसरे असते.

हिशेब करून पाहा. दूध ०.०५ च्या मर्यादेत असेल तर अर्धा लिटर पिणाऱ्या बाळाच्या पोटात ०.०२५ मिलिग्रॅम जाते, म्हणजे त्याच्या वाट्याचा चौथा हिस्सा. पण त्या पाहणीतील सर्वांत वाईट नमुन्यात किलोमागे २.२ मिलिग्रॅम डीडीटी होते. त्या दुधाचा अर्धा लिटर म्हणजे १.१ मिलिग्रॅम, बाळाच्या मर्यादेच्या अकरा पट! तेच दूध प्यायलेला बाप दुप्पटीच्या आत राहतो. एकच माल, एकच भाव, पण नुकसान मात्र लहानग्याचे जास्त.

तुपाच्या व्यापाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चार टक्के स्निग्धांशाच्या दुधातून एक किलो तूप काढायला निदान २५ लिटर दूध लागते. विष चरबीबरोबर जाते, म्हणून २५ लिटरचा अंश त्या एका किलोत गोळा होतो. त्यामुळेच दुधाची ०.०५ ची मर्यादा चरबीच्या हिशेबाने १.२५ होते.

काही पदार्थांचा हिशेब रोजचा नसून महिन्याचा असतो. डायॉक्सिन हे त्यांपैकी एक. शरीरात गेलेले डायॉक्सिन निम्मे व्हायला ७ ते ११ वर्षे लागतात. एका दिवसाच्या जेवणाने फारसे बिघडत नाही, जुन्या बाकीवर नवी बाकी चढत जाते ती घातक. म्हणून २००१ साली तज्ज्ञांनी मर्यादा महिन्याची ठेवली: दर किलो वजनामागे ७० पिकोग्रॅम. एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. शिशाच्या बाबतीत तर २०१० साली जुनी साप्ताहिक मर्यादाच मागे घेतली गेली, कारण निर्धोक म्हणावी अशी पातळीच सापडेना.

येथे भंगारवाल्या बांधवांशी दोन शब्द बोलायचे आहेत. तांबे काढण्यासाठी प्लास्टिकच्या वायरी उघड्यावर जाळल्या की त्या धुरातून डायॉक्सिन तयार होते. राख आणि काजळी शेजारच्या गवतावर बसते, ते गवत म्हैस खाते आणि संध्याकाळी त्याच म्हशीचे दूध जाळणाऱ्याच्याच घरी येते. वायर सोलायला मजुरी जास्त पडते, हे आम्हाला ठाऊक आहे. पण जाळून वाचवलेले पैसे कुणाच्या खात्यातून वजा होतात, याचा विचार नको का?

आमच्या कापडाच्या धंद्याने हा धडा शिकला आहे. जर्मनीने १९९४ साली काही अॅझो रंगांवर बंदीचा कायदा केला आणि निर्यातदारांची धावपळ उडाली. १९९७ साली आपल्या सरकारनेही बंदी घातली. सुरुवातीला तक्रारी झाल्या, मग तपासणीचा दाखला हा बिलाचाच भाग झाला. ज्यांनी लवकर बदल केला, त्यांचा माल खपला.

अन्नाच्या व्यापारात हेच करता येईल. माल पक्क्या बिलावर घ्यावा, म्हणजे दोष निघाला तर मूळ सापडते. मोठ्या प्रमाणात दूध-तूप घेणाऱ्यांनी वर्षातून निदान एकदा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावा. खर्च एकट्याला जड जात असेल तर चार दुकानदारांनी मिळून वाटून घ्यावा. गोठ्यात कोणते औषध फवारले जाते, हे गवळ्याला विचारावे. घरच्यांनी घाबरून दूध बंद करू नये. मासळीत मुशीसारख्या मोठ्या, दुसऱ्या माशांवर जगणाऱ्या माशांत पारा जास्त साठतो, तेव्हा गरोदर बायका आणि मुलांसाठी बोंबील, मांदेली अशी लहान मासळी बरी.

कायद्याने आखलेली मर्यादा ही शेवटची रेघ आहे. तिथवर जाण्याची परवानगी म्हणून तिच्याकडे पाहणाऱ्याचा नफा आज वाढेल, पण त्या नफ्यात बरकत राहणार नाही. गिऱ्हाईक डोळे झाकून माल उचलते, तेव्हा डोळे उघडे ठेवण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर येते.