पांढुर्ण्याचा फोटो नागपूरला पोचतो कसा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात. एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव, आणि मग दिवसभर दोन्ही काठांवरून एकमेकांवर दगड. हीच गोटमार. गोटमारीचा फोटो काढणाऱ्याला दगड हवेत असतानाच टिपायचा असतो, म्हणून तो बटण दाबूनच धरतो. हल्लीचे कॅमेरे सेकंदाला दहा फ्रेम सहज घेतात. २४ मेगापिक्सेलचा एक जेपीईजी फोटो साधारण १० एमबीचा धरला, तर हजार फोटोंचे १० जीबी झाले. आणि नागपूरच्या वर्तमानपत्राचं पान काही त्याच्यासाठी थांबत नाही.

तरी त्याचा फोटो वेळेत पोचतो, कारण तो मोठी फाइल पाठवतच नाही. पानावर फोटो दहा इंच रुंद छापायचा, तर २०० डीपीआयच्या हिशेबानं २००० पिक्सेल पुरतात. हजारातले चार निवडायचे, ६००० पिक्सेलचे २००० वर आणायचे, की एकेक फाइल एक-दीड एमबीची उरते. गर्दीत एकेका टॉवरवर हजारो मोबाइल लागलेले असतात. तिथं दीड एमबी कशीबशी निघून जाते, दहा एमबी गोल गोल फिरत बसते. मोठा फोटो कसा पाठवायचा असं विचारलं की जो तो एखाद्या अ‍ॅपचं नाव सांगतो. समोरचा त्या फोटोचं करणार काय, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं.

आपल्याकडे पहिलं नाव अर्थातच व्हॉट्सअ‍ॅपचं. तिथं फोटो म्हणून पाठवलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलवर येतो, शिवाय वरून दाबलाही जातो. मोबाइलवर बघायला तो छानच दिसतो. फसगत होते ती संत्र्याच्या बागेत. पांढुर्णा-सौंसर पट्ट्यातला बागायतदार झाडाचा फोटो काढतो आणि ओळखीच्या कृषी सल्लागाराला पाठवून विचारतो, हे काय पडलंय? समजा, फोटोत दोन मीटर रुंदीचा भाग आला आहे आणि मूळ फोटो ४००० पिक्सेल रुंद आहे. म्हणजे सेंटिमीटरला २० पिक्सेल. सिट्रस सिला ही कीड तीन-चार मिलिमीटरची, तिच्या वाट्याला सहा ते आठ पिक्सेल. व्हॉट्सअ‍ॅपमधून गेल्यावर उरतात दोन-तीन. एवढ्यावरून कीड आहे की धूळ, हे नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञालाही सांगता येणार नाही. इथंही मोठी फाइल हा इलाज नाही. पानाजवळ जाऊन फोटो काढायचा, नाहीतर मूळ फोटोतला तेवढाच तुकडा कापून पाठवायचा. तुकडा १६०० पिक्सेलच्या आतला असेल, तर बारकावे बऱ्यापैकी शाबूत राहतात. २०२३ मध्ये आलेलं एचडीचं बटण थोडी जास्त मोकळीक देतं, पण फाइल तेही दाबतंच.

न दाबता पाठवायचं, तर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून जोडायचा. अशा फाइलच्या आकाराची मर्यादा पूर्वी १०० एमबी होती, २०२२ पासून २ जीबी आहे. यात मूळ फाइल जशीच्या तशी जाते आणि तिच्यासोबत फोटो कुठं, केव्हा काढला ही नोंदही जाते. मोबाइलचं लोकेशन चालू असेल तर बागेचा ठावठिकाणासुद्धा. सल्लागाराला तो कळला तर बरंच. अनोळखी व्यापाऱ्याला कळवायचा का, हे आधी ठरवावं.

खरी मोठी फाइल असते लग्नाची. अल्बम छापून घ्यायचा तर स्टुडिओवाल्याला नागपूरच्या लॅबकडे पूर्ण आकाराची पानं पाठवावी लागतात आणि तिथं काटकसर चालत नाही. करिज्मा अल्बमचं १२ बाय ३६ इंचांचं जोडपान ३०० डीपीआयनं केलं की १०,८०० बाय ३,६०० पिक्सेल होतात, जवळजवळ ३९ मेगापिक्सेल. चांगल्या दर्जाचा जेपीईजी ठेवला तर एकेक पान १५-२० एमबीला जातं. तीस पानांचा अल्बम सहज अर्धा जीबी. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला १६०० पिक्सेलचा फोटो याच दर्जानं छापला, तर जेमतेम सव्वापाच इंचांचा होतो. नवरीच्या मावशीनं 'हा पण अल्बममध्ये टाक रे' म्हणत पाठवलेला फोटो पानभर ताणला की का फाटतो, ते यावरून कळावं.

 

अल्बमसाठी ई-मेल कामाचा नाही. जीमेलची जोडपत्राची मर्यादा २५ एमबी. मेलची मूळ रचना मजकुरासाठी असल्यानं जोडलेली फाइल अक्षरांत बदलून जाते आणि त्यात सुमारे एक तृतीयांशानं फुगते. मर्यादा ओलांडली की जीमेल स्वतःच फाइल ड्राइव्हवर टाकून लिंक पाठवतं; मग ड्राइव्हवरच टाकलेलं बरं. तिथली फुकटची १५ जीबी मात्र मेल, फोटो आणि ड्राइव्ह या तिघांत वाटलेली आहे. गूगल फोटोजमध्ये १ जून २०२१ पर्यंत दाबलेले फोटो हवे तेवढे फुकट ठेवता यायचे. त्यानंतर तेही यातच मोजले जातात. लिंक पाठवताना 'लिंक असलेल्या कुणालाही' ही परवानगी द्यायला विसरलं, की रात्री लॅबवाल्याचा फोन ठरलेला. आणि परवानगी तशीच उघडी ठेवली, तर लग्नातले फोटो लिंक मिळालेल्या कुणालाही दिसत राहतात. अल्बम छापून आला की ती बंद करावी.

मोठ्या फाइली पाठवायच्या वीट्रान्सफर या संकेतस्थळाची सवय स्टुडिओवाल्यांना जुनी. मे २०२० मध्ये भारतात त्यावर बंदी घातली गेली होती, तेव्हा अनेकांना ड्राइव्हकडे वळावं लागलं. त्याच वर्षी जूनच्या अखेरीस चिनी अ‍ॅपवर बंदी आली आणि शेअरइट, झेंडर गेली. मोबाइलवरून मोबाइलवर इंटरनेटशिवाय फोटो देणं लोक त्यांच्यावरच शिकले होते. आता ते काम अँड्रॉइडमधलं क्विक शेअर करतं. मांडवात बसलेल्या पाहुण्याला तीनशे फोटो द्यायचे तर याच्याइतकं सोपं काही नाही, डेटाही खर्च होत नाही. पुण्याला परतलेल्या पाहुण्यासाठी गूगल फोटोजचा शेअर केलेला अल्बम ठीक. फक्त अपलोड करताना 'मूळ दर्जा' निवडलेला हवा.

झिप केल्यानं फोटो लहान होतात, हा समज काही केल्या जात नाही. जेपीईजी आधीच दाबलेला असतो, झिपमध्ये त्यातून काही पिळून निघत नाही. फायदा वेगळाच आहे: तीस पानं एका गठ्ठ्यात राहतात, एखादं सुटत नाही आणि वाटेतलं अ‍ॅप त्यांना हात लावत नाही.

कच्च्या रॉ फाइली आणि व्हिडिओ आले की हिशेबच बदलतो. ६४ जीबीचं कार्ड १० एमबीपीएसच्या अपलोडनं पाठवायचं, तर चौदा तास लागतात, तेही मध्ये वीज न जाता. जाहिरातीतला वेग बहुधा डाउनलोडचा असतो. मोबाइल नेटवर अपलोड त्याहून पुष्कळ कमी भरतो. पांढुर्णा इटारसी-नागपूर लोहमार्गावर आहे, नागपूर शंभरेक किलोमीटरवर, आणि सौंसर तर त्याहूनही जवळ. हार्ड डिस्क पिशवीत घालून निघालेला पोऱ्या दोन-अडीच तासांत नागपुरात उतरतो. १० एमबीपीएसचं नेट तेवढ्या वेळात ११ जीबीच्या आसपास रेटतं. म्हणजे फाइली ११ जीबीच्या खाली असतील तर लिंक पाठवावी, आणि त्याच्या बरंच वर गेलं तर पोऱ्याला गाडीत बसवावं. डिस्कची दुसरी प्रत दुकानात ठेवूनच, आणि फाइली मोजून, उघडून पाहिल्याचा फोन लॅबकडून येईपर्यंत कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट न करता.