काडी मोडल्यानंतर

मुरबाडच्या एसटी स्टँडवर सकाळी कल्याणच्या गाडीसाठी थांबलेल्या बायकांत कोर्टाच्या तारखेला निघालेली कोण, हे पिशवीवरून कळतं. साडीच्या दुकानाची जुनी पिशवी, तीत नोटिसा, लग्नपत्रिका, आधार कार्डाची झेरॉक्स. ती पिशवी पायाशी ठेवली जात नाही, पोटाशी धरली जाते. मुरबाडला रेल्वे नाही, म्हणून एसटी. शहापूरची बाई आसनगावहून लोकल धरते. प्रत्येक तारखेला एका दिवसाची मजुरी बुडते. मग कधीतरी निकाल लागतो आणि त्याच पिशवीतून घरी येतो. भाऊ विचारतो, "झालं?" ती म्हणते, "झालं." विषय तिथेच मिटतो. झोप मात्र त्या रात्रीपासून उडते.

घटस्फोट म्हणजे शहरातली, शिकलेल्यांची गोष्ट, असं आपण धरून चालतो. भातसा-तानसाच्या काठच्या आणि माळशेजच्या पायथ्याच्या गावांना हे ऐकून हसू येईल. पंचांसमोर काडी मोडून मोकळं व्हायचं आणि पुढे पाट लावायचा, ही रीत इथल्या ठाकर, कातकरी, वारली, महादेव कोळी वाड्यापाड्यांना नवी नाही. मुंबई प्रांताने हिंदूंना घटस्फोटाचा कायदा दिला 1947 साली. 1955च्या हिंदू विवाह कायद्याने रूढीतला घटस्फोट मान्य ठेवला, आणि अनुसूचित जमातींना तर तो कायदा सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय लागूच होत नाही. म्हणजे काडीमोड कागदाच्या कितीतरी आधीचा. त्याचं कौतुक मात्र जपून करावं. पंच पुरुष असत, देज, म्हणजे वधूमूल्य, परत मागितलं जाई, दंड बसे. तरी एक गोष्ट होती: जे मोडलं ते चारचौघांत मोडलं. कोर्टात लग्न मोडतं ते वकिलाच्या टेबलावर, आणि गावाला ते कुजबुजीतून कळतं.

इथे एका शब्दाची अडचण आहे. तो शब्द 'समुपदेशन'. या भागात समुपदेशनाला बोलावलं म्हणजे दोघांना समोरासमोर बसवून "जुळवून घ्या" म्हणणार, असाच अर्थ घेतला जातो. त्यात लोकांची चूक नाही. 1984च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यानेच समेटाचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्य ठरवलं आहे. 2007ला सुरू झालेली तंटामुक्त गाव मोहीमही आपसात मिटवण्यावर उभी राहिली. 1984मध्येच टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांसोबत महिलांसाठीचा विशेष कक्ष सुरू केला. तिथे बाईचं म्हणणं बाईच्या बाजूने ऐकायची पद्धत पडली. पण तोही मुख्यतः हिंसाचार चालू असतानाचा आधार. लग्न टिकावं म्हणून आपल्याकडे माणसं बसलेली आहेत, मारहाण थांबावी म्हणूनही आहेत. निकालाच्या दुसऱ्या दिवशी कुणी बसलेलं नाही.

आणि त्रास सुरू होतो तो त्या दुसऱ्या दिवशीच. "विचार लागलेत," असं बायका म्हणतात. डोकं जड, छातीत धडधड, अंग मोडून आलेलं. आधी दवाखान्यात सुई, मग भगताकडे अंगारा. झिंबाब्वेत शोना भाषेत याच दुखण्याला 'कुफुंगिसिसा', म्हणजे अति विचार करणं, म्हणतात. तिथे 2006 साली डॉ. डिक्सन चिबांडा यांनी हरारेत दवाखान्याबाहेर झाडाखाली बाकडं टाकलं आणि त्यावर शिकवून तयार केलेल्या आज्या बसवल्या. त्यांनी 'नैराश्य' हा शब्दच वापरला नाही. एकेक अडचण घेऊन ती सोडवायला मदत केली. 2016मध्ये छापून आलेल्या चाचणीत या बाकड्याचा गुण स्पष्ट दिसला. तिकडे आफ्रिकेत कशाला जायचं, गोव्यात 'संगाथ' या संस्थेने डॉक्टर नसलेल्या, स्थानिक समुपदेशकांकडून नैराश्यावर उपचार होतात हे 2010च्या सुमाराला दाखवून दिलं होतं. कसारा घाट चढून गेलं की नाशिकच्या पेठ तालुक्यात 'आत्मीयता' हा प्रयोग झाला. गावातल्याच माणसांना ऐकून घ्यायला आणि योजनांपर्यंत पोचवायला शिकवणं, एवढंच त्याचं सूत्र.

त्यातलं 'योजनांपर्यंत' महत्त्वाचं. वीटभट्टीवर काम जोडीला मिळतं, उचलही जोडीच्या नावावर. जोडी फुटली की बाई कामातूनही सुटते. तिला झोप का येत नाही, याचं अर्धं उत्तर रेशनकार्डात आहे: तिचं नाव अजून सासरच्या कार्डावर आहे. 1980च्या दशकात संगमनेरला ॲड. निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परित्यक्तांना एकत्र आणलं, तेव्हा पोटगीइतकाच रेशनकार्डाचा आणि घराचाही प्रश्न पुढे आला. मन आणि तांदूळ वेगळे ठेवून कुणाला बरं करता येत नाही.

पुरुषांबद्दल तर कुणी बोलतच नाही. बायको गेलेल्या गड्याला 'सोडलेला' म्हणत नाहीत, पण पारावर हसतात. त्याला समजुतीचा शब्द मिळत नाही, पेला मिळतो. पोरांना भेटायला जायचं धाडस तो पिऊनच करतो, आणि मग भेट होत नाही.

आज दारं कुठली उघडी आहेत? 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी सेवेतून मानसोपचार मिळणं हा हक्क केला. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय; "विचार लागलेत, झोप नाही" एवढं सांगून तिथूनच सुरुवात करावी. ठाण्याला 1901पासूनचं मनोरुग्णालय आहे, पण "ठाण्याला पाठवू का?" ही आपल्याकडे शिवी झाल्यामुळे तिथल्या बाह्यरुग्ण विभागाचं नावही कुणी काढत नाही. त्याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990ला सुरू केलेली मानसिक आरोग्य संस्था, 'आयपीएच', आहे. प्रवास परवडत नसेल तर 10 ऑक्टोबर 2022ला सुरू झालेली 'टेलिमानस' सेवा: 14416 लावा, मराठी निवडा, दिवसरात्र फुकट बोला. मारहाण किंवा धमक्या निकालानंतरही चालू असतील तर 181, ही महिलांची हेल्पलाइन.

फोनची एक अडचण असते. घरात एकच मोबाइल, तो भावाकडे. आणि रेंज येते ती टेकाडावर. बाई टेकाडावर एकटी फोन घेऊन उभी राहिली की गावात वेगळीच बातमी होते. म्हणून मला वाटतं, हरारेसारखं बाकडं गावातच लागेल. आशाताई घरोघर जातातच. बचतगट महिन्याला बसतोच. हप्ते लिहून झाल्यावरची पंधरा मिनिटं ऐकायला ठेवली तर नवीन इमारत लागत नाही. लागेल ती शिकवणी: मध्ये न बोलण्याची, "नांदायला जा" न म्हणण्याची, आणि ऐकलेलं बाहेर न नेण्याची. यातली तिसरी सगळ्यात कठीण.

भाताच्या आवणीला गेलं की अशा ऐकण्याचा थोडा नमुना दिसतो. गुडघाभर चिखलात बायका ओळीनं वाकलेल्या, तोंडं खाली, हात चाललेले. कुणी कुणाच्या डोळ्यात बघत नाही, म्हणूनच की काय, एखादी आपल्याआपणच बोलू लागते: कोर्टात काय झालं, पोरगं कुणाकडे राहिलं. बाजूची फक्त "हं" म्हणते आणि रोपांची पुढची मूठ तिच्या हातात देते.