तारणाचा हुकूम झाला; अपील चालते काय?

आमच्या बीड जिल्ह्यात कापूस असो, भुसार असो वा कापड, निम्मा धंदा उधारीवर चालतो. पैसा थकला की दावा दाखल होतो आणि अनेकदा त्यासोबत एक अर्जही येतो: प्रतिवादी माल विकून मोकळा होईल, सबब त्याच्याकडून तारण घ्यावे, नपेक्षा निकालाआधीच जप्ती करावी. मूळ दाव्याचा निकाल दूरच राहतो, पण दुकानदाराची झोप उडते.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील कलम १०४ व आदेश ४३ यांत दरम्यानच्या कोणत्या हुकुमांवर अपील चालते त्याची यादी आहे. ‘तारण द्या किंवा कारण दाखवा’ हा हुकूम आदेश ३८, नियम ५ खालचा. तो या यादीत नाही. कारण पटले नाही, तारणही भरले नाही आणि नियम ६ खाली जप्तीचा हुकूम झाला, म्हणजे मात्र अपील चालते. जिल्हा न्यायालयात त्याची मुदत ३० दिवस. त्यावर दुसरे अपील नाही.

मग नियम ५ च्या टप्प्यावर काय? कलम ११५ खालच्या रिव्हिजनचा मार्ग २००२ पासून फारच अरुंद झाला आहे. उरतो अनुच्छेद २२७ खालचा रिट अर्ज. औरंगाबाद खंडपीठ १९८१ साली सुरू झाल्याने त्यासाठी मुंबईची वारी करावी लागत नाही, एवढाच दिलासा. तेथे पुरावा नव्याने तोलला जात नाही.

म्हणून आमच्या मते खरी लढाई नोटिशीच्या उत्तरातच आहे. रमण टेक विरुद्ध सोळंकी ट्रेडर्स या खटल्यात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की बिनतारणी कर्जाला तारणी करण्यासाठी हे हत्यार नाही. पैसे बुडवण्याच्या हेतूने माल हलवला जातो आहे हे वादीने दाखवले पाहिजे. रोजची विक्री म्हणजे पळवापळवी नव्हे. ते सिद्ध करायला वह्या व बिले लागतात. (उधारी लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकरात आहेच, तो पाळणारे किती, हा प्रश्न वेगळा.)

नियम ५ ची रीत न पाळता केलेली जप्ती त्याच नियमाप्रमाणे रद्दबातल ठरते. अपुऱ्या कारणावर जप्ती मागणाऱ्याकडून कलम ९५ खाली भरपाई मागता येते. कारागिरांची हत्यारे तर कलम ६० ने जप्तीतून वगळलीच आहेत. बेलिफ दारात आला तर हे कलम दाखवून हरकत त्याच दिवशी लेखी द्यावी.