मीटरभर पाणी मुरायला शंभर सेकंद की बत्तीस वर्षं?

मराठा सरदार नारोशंकर राजेबहादूर यांनी दोन अगदी वेगळ्या जमिनींवर गडकोटांचं बांधकाम केलं. 1740 च्या सुमारास मालेगावात मोसम नदीकाठी भुईकोट बांधला आणि 1742 नंतर झाशीत, ओरछ्याच्या बीरसिंह देवांनी 1613 मध्ये उभारलेल्या किल्ल्याचा विस्तार केला. मालेगावचा खडक बेसॉल्ट, लाव्हा थंड होऊन बनलेला, सुमारे 6.6 कोटी वर्षांचा. झाशीचा बुंदेलखंडी ग्रॅनाइट सुमारे 250 कोटी वर्षांचा. दख्खनवर लाव्हा पसरू लागला तेव्हा झाशीतल्या मानिक चौकाखालच्या खडकाचं वय 243 कोटी वर्षं झालेलं होतं!

या खडकांवरची माती अतिशय सावकाश तयार होते. दोन-तीन सेंटिमीटर थराला हजार वर्षांपर्यंत लागू शकतात. जेसीबीच्या एका घासात आपण असे कित्येक हजार वर्षांचे थर उचलतो, तेही खाली काय आहे हे न विचारता.

विचारायला हवं, कारण सगळा खेळ कणांच्या आकाराचा आहे. एक मिलिमीटर बाजूचा वाळूचा घनाकार कण घ्या आणि चिकणमातीच्या कणाएवढे, म्हणजे 0.002 मिलिमीटरचे तुकडे करा. तुकडे होतील साडेबारा कोटी. बेसॉल्टवरच्या काळ्या जमिनीतल्या माँटमोरिलोनाइट या खनिजाचे पापुद्रे तर इतके पातळ, की एका ग्रॅमचं एकूण पृष्ठफळ 800 चौरस मीटरपर्यंत जातं. शुद्ध खनिजाची 100 ग्रॅमची मूठ म्हणजे जवळजवळ 20 एकर. हे पापुद्रे पाणी ओढून घेतात म्हणून काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. घराच्या भिंतींना तडे जातात ते याच हालचालीने.

आता पाणी मुरण्याचा वेग पाहा. स्वच्छ, जाड खडीतून पाणी सेकंदाला सुमारे एक सेंटिमीटर उतरतं. घट्ट चिकणमातीत हाच वेग एक कोटीपटीने कमी असू शकतो. पाणी नुसत्या वजनाने सरळ खाली उतरतंय असं धरलं, तर खडीत मीटरभर पाणी मुरायला 100 सेकंद लागतात आणि घट्ट चिकणमातीत जवळजवळ 32 वर्षं.

आपण या जमिनीकडून किती मागतो? शहरी पाणीपुरवठ्याचा भारतीय निकष माणशी रोज 135 लीटर. त्यातलं 80 टक्के सांडपाणी धरलं, तर पाच माणसांच्या घरातून रोज 540 लीटर, वर्षाला सुमारे दोन लाख आणि 50 वर्षांत जवळजवळ एक कोटी लीटर. सांडपाण्याची गटार योजना नसेल, तर हे सगळं शोषखड्ड्याने जिरवायचं. काळ्या जमिनीत ते जिरत नाही, अंगणात वर येतं. ग्रॅनाइटच्या प्रदेशात धोका उलटा असतो. माती पातळ, खाली खडकाला भेगा. मैल्याचं पाणी मातीत रेंगाळलं तर तिथले जिवाणू ते बरंचसं शुद्ध करतात. भेगेत माती नाही, त्यामुळे गाळणीही नाही. जे पाणी भेगेत शिरतं ते तसंच शेजारच्या विहिरीत पोहोचू शकतं. खड्डा झटकन रिकामा होतो म्हणून घरमालक खूश असतो, पण त्याची खरी किंमत विहिरीवर पाणी भरणारे मोजतात.

घराच्या पायाचंही तसंच. जुन्या भारतीय तक्त्यांत एकसंध ग्रॅनाइटची भार पेलण्याची क्षमता चौरस मीटरला 330 टन धरली आहे, अंगठा सहज रुतेल अशा मऊ चिकणमातीची 5 टन. 66 पटींचा फरक! फुगणाऱ्या खोल काळ्या जमिनीत म्हणूनच तळाशी फुगीर केलेले खांब साडेतीन मीटर किंवा त्याहून खाली नेतात, जिथे ऋतूंची हालचाल पोहोचत नाही. मानिक चौकासारख्या जुन्या वस्तीत आणखी एक प्रश्न असतो, तो भरावाचा. त्यावर भरवसा ठेवून पाया घालू नये.

बाग करणाऱ्यांनी बुंदेलखंडातल्या शेतकऱ्यांकडून शिकावं. ते जमिनीला चार नावांनी ओळखतात: तांबडी भरड राकड, हलकी पडुआ, काळसर काबर आणि काळी मार. झाशीच्या एकाच जिल्ह्यात चारही सापडतात. एका गुंठ्यात 30 सेंटिमीटर भरड माती असेल, तर झाडांना वापरता येईल असं पाणी ती साधारण 2,000 लीटर साठवते. मीटरभर खोल काळी माती साधारण 18,000 लीटर साठवते. उन्हाळ्यात बाग रोज सात मिलिमीटर पाणी खर्च करत असेल, तर पहिलीत ते तीन दिवस पुरतं, दुसरीत पंचवीस.

पाणी मुरण्यातल्या एवढ्या अफाट फरकाचा अंदाज घ्यायला कुदळ, पाणी आणि घड्याळ पुरतं. शोषखड्डा जितका खोल घ्यायचा, तितकाच खोल आणि 10 ते 30 सेंटिमीटर रुंदीचा खड्डा घ्या. तळाशी पाच सेंटिमीटर वाळू किंवा खडी टाका, वर किमान 30 सेंटिमीटर पाणी भरा आणि माती भिजू द्या. दुसऱ्या दिवशी पाणी 25 मिलिमीटर खाली जायला किती मिनिटं लागतात ते मोजा. भारतीय मानकानुसार 30 मिनिटांपर्यंत असेल आणि भूजल 1.8 मीटरपेक्षा खाली असेल, तर शोषखड्डा चालतो. 30 ते 60 मिनिटं लागली तर पसरट चर घ्यावेत. त्याहून जास्त वेळ लागला तर शोषखड्ड्याचा नाद सोडून गाळणीची वेगळी व्यवस्था करावी. पाणी क्षणात नाहीसं झालं, तर आनंद मानू नका. आधी जवळची विहीर शोधा. 50 वर्षांत जिथे कोटभर लीटर ओतणार आहोत, त्या जमिनीसाठी एक दिवस देणं हे आपलं कर्तव्यच आहे.