नालासोपारा: दोन गावांचे स्थानक

नालासोपारा हे पश्चिम रेल्वेच्या चर्चगेट–विरार मार्गावरचे, विरारच्या अलीकडचे स्थानक. चर्चगेटपासून ते सुमारे 56 किलोमीटरवर आहे. दक्षिणेला वसई रोड आणि उत्तरेला विरार, दोन्ही प्रत्येकी चारेक किलोमीटर. आज स्थानकाच्या दोन्ही अंगांना पालघर जिल्ह्यातल्या वसई-विरार महानगरपालिकेची दाट वस्ती आहे. रूळ पडले तेव्हा इथे शहर नव्हते. पश्चिमेला केळी आणि पानवेलींच्या वाड्या, पूर्वेला तुंगारेश्वराच्या डोंगरापर्यंत भातशेती आणि अधूनमधून गावे, असा तो मुलूख होता.

स्थानकाचे नाव जोडनाव आहे. सोपारा हे पश्चिमेचे जुने गाव आणि नाळे हे त्याच्याही पलीकडचे, समुद्राच्या बाजूचे. जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘नाळासोपारा’ येते. फलकावर ‘नालासोपारा’ आहे. रेल्वेच्या आरंभीच्या नोंदीत मात्र सोपारा नाहीच. तिथे या थांब्याचे नाव ‘नीला’ असे दिले आहे. स्थानकाला लागून पश्चिमेकडे निळेमोरे हे गाव आहे, हेही इथे लक्षात घेण्याजोगे. त्या काळी साहेबाच्या कानाने ऐकलेली नावे अशीच कागदावर उतरत. त्याच नोंदीत वसईचे बसीन, बोरिवलीचे बोरीवला आणि वांद्र्याचे बांदोरा झालेले आहे. पूर्वेच्या आचोळे आणि तुळिंज या गावांना स्थानकाच्या नावात जागा मिळाली नाही, पण पुढे सर्वांत मोठी वस्ती त्यांच्याच जमिनीवर झाली.

सोपाऱ्याची ख्याती रेल्वेहून दोन हजार वर्षांनी जुनी. संस्कृत ग्रंथांतले शूर्पारक ते हेच. ग्रीक भाषेतल्या ‘पेरिप्लस’ या सागरी प्रवासवर्णनात पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांमध्ये त्याचा उल्लेख आहे. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्यातली ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखली जाणारी टेकडी खणली, तेव्हा तो बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या पोटात दगडी पेटी, तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक आणि भोवती बुद्धांच्या आठ लहान मूर्ती होत्या. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्याच सुमारास सोपाऱ्यात सापडला. नवव्या लेखाचा तुकडा 1956 मध्ये जवळच्या भुईगावात मिळाला. जुने बंदर खाडीवर होते, त्याचा सारा व्यवहार पाण्यावरून चाले. रेल्वेची आखणी करणाऱ्यांना खाडी ही अडचण होती. त्यांनी रूळ गावाच्या पूर्वेने, डोंगर आणि बागायती पट्टा यांच्यामधल्या सखल भागातून नेले. त्यामुळे स्थानक सोपाऱ्यात नाही, सोपाऱ्याच्या वाटेवर आहे. शेजारच्या वसईचेही तसेच: स्थानक नवघर-माणिकपूरच्या हद्दीत पडले म्हणून त्याला ‘वसई रोड’ म्हणतात.

ही रेल्वे मुंबईहून निघून इथे आली, असा समज सहज होतो. घडले ते उलट. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे ही कंपनी 1855 मध्ये स्थापन झाली आणि तिचा पहिला टप्पा 10 फेब्रुवारी 1860 रोजी गुजरातेत, अंकलेश्वर ते उतराण असा सुरू झाला. रूळ तिथून दक्षिणेकडे सरकत 28 नोव्हेंबर 1864 रोजी मुंबईच्या ग्रँट रोडला पोहोचले. वसई तालुका उत्तरेला वैतरणा आणि दक्षिणेला वसईची खाडी यांच्या बेचक्यात आहे. या दोन्ही पाण्यांवर पूल झाल्याशिवाय गाडी मुंबईत शिरू शकत नव्हती. कंपनीचे अभियंते कर्नल जे. पी. केनेडी यांनी अशा ठिकाणी लोखंडी स्क्रू-खांब वापरले. खालच्या टोकाला मळसूत्री पाते असलेला हा खांब फिरवत फिरवत चिखलात उतरवतात. त्यांवर त्रिकोणी जोडणीच्या लोखंडी तुळया ठेवल्या जात. वसईच्या खाडीत पाणजू बेट मधोमध असल्याने तिथे एकाऐवजी दोन पूल बांधावे लागले.

12 एप्रिल 1867 रोजी विरार ते मुंबईतील बॅकबे अशी पहिली उपनगरी गाडी सुरू झाली. दिवसाला जाणारी एक, येणारी एक. सकाळी पावणेसातला विरारहून निघायची आणि संध्याकाळी साडेपाचला बॅकबेहून परतायची. ‘नीला’ हा विरारनंतरचा तिचा पहिला थांबा होता. सकाळी शहरात जाऊन संध्याकाळी घरी येण्याचा जो क्रम आज लाखो माणसे पाळतात, तो वेळापत्रकात त्याच दिवशी लिहिला गेला.

या सोयीने गावांचे रूप लगेच पालटले नाही. 1882 च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये सोपाऱ्याचे ठिकाण सांगताना अंतरे वसई रोड आणि विरार या स्थानकांपासून दिली आहेत. दोन्हीपासून साधारण साडेतीन मैल. पाहुण्याला वाट सांगायची तर शेजारची मोठी स्थानकेच खुणेची होती.

वाफेच्या काळातल्या लहान स्थानकाची कामे मुख्यतः तीन. पहिले गाड्यांच्या सुरक्षिततेचे. दोन स्थानकांमधल्या रुळावर एका वेळी एकच गाडी, हा नियम असे. स्टेशनमास्तर तारेने पुढच्या स्थानकाला विचारी; तिथून ‘लाइन क्लिअर’ मिळाल्यावरच सिग्नल पडे. त्यामुळे उतारू चार असोत की चारशे, गाडी गेली की नोंद करणे चुकत नसे. दुसरे काम तिकिटांचे. थॉमस एडमंडसन या इंग्रज स्टेशनमास्तराने 1830 च्या दशकात काढलेली, अनुक्रमांक छापलेली जाड पुठ्ठ्याची लहान तिकिटे जगभरच्या रेल्वेने स्वीकारली होती. खिडकीतला बाबू तिकीट तारखेच्या यंत्रात सारून खटकन ठसा उमटवी. दिवसअखेर उरलेल्या पहिल्या तिकिटाचा क्रमांक पाहिला की किती विकली गेली ते कळे. तिसरे काम मालाचे. वसई पट्ट्यातली केळी, विड्याची पाने, भाजी आणि फुले नाशवंत. त्यांना बाजार गाठण्यासाठी घड्याळाची गाडी हवी होती. लोकलच्या मालडब्यात टोपल्या आणि हारे चढवण्याची रीत त्याच गरजेतून आली आणि ती आजही सुरू आहे.

स्थानकाचे भवितव्य ठरवणारा बदल विजेचा होता. कुलाबा ते बोरिवली मार्गावर विजेवर चालणारी लोकल 5 जानेवारी 1928 रोजी सुरू झाली आणि 1936 मध्ये तारा विरारपर्यंत पोहोचल्या. वाफेच्या इंजिनाला वेग घ्यायला वेळ लागतो, त्यामुळे जवळजवळचे थांबे त्याला महाग पडतात. विजेची लोकल थांबून लगेच वेग घेते आणि शेवटच्या स्थानकावर इंजिन वळवावे लागत नाही. मोटरमन दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये गेला की गाडी परतायला तयार. म्हणून तारांच्या आतले प्रत्येक खेडे मुंबईच्या नोकरीच्या टप्प्यात आले. तारा विरारला थांबल्या आणि पलीकडची वैतरणा, सफाळे, केळवे रोड ही स्थानके बराच काळ गावचीच राहिली. डहाणूपर्यंत लोकल गेली ती 16 एप्रिल 2013 रोजी. एकाच मार्गावर, एकाच कंपनीने वसवलेल्या लहान स्थानकांच्या वाटा अशा विरारला फुटल्या. नालासोपारा तारांच्या आत होते.

1951 मध्ये जुनी कंपनी पश्चिम रेल्वेत विलीन झाली. 1970 च्या दशकात विरारच्या उत्तरेला 25,000 व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आला, तर दक्षिणेला 1,500 व्होल्टचा एकदिश प्रवाह कायम राहिला. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी दोन्ही प्रवाहांवर चालणारी खास इंजिने बनवावी लागली. दक्षिणेलाही 25,000 व्होल्टचा प्रवाह येऊन हा दुभंग फेब्रुवारी 2012 मध्ये मिटला. अधिक दाबाच्या विजेवर तीच शक्ती कमी प्रवाहात मिळते, तारांतली गळती घटते आणि जास्त डब्यांची गाडी ओढणे सोपे जाते.

वस्ती वाढली ती प्रामुख्याने 1980 नंतर. मुंबईत घर परवडेनासे झाले. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगावातली कुटुंबे चाळीतली खोली विकून उपनगरांच्या टोकाकडे सरकू लागली. कोकणातून, घाटावरून आणि उत्तर भारतातून नव्याने आलेल्यांनाही जागा इथेच जमली. 1990 मध्ये वसई-विरार भागाच्या नियोजनाचे काम सिडकोकडे गेले. त्याच सुमारास बागायत आणि पाणी वाचवण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने ‘हरित वसई’ची चळवळ उभी राहिली. पश्चिमेच्या काही गावांत वाड्या टिकल्या. पूर्वेला आचोळे-तुळिंजची शेती इमारती आणि चाळींखाली गेली. 2001 च्या जनगणनेत नालासोपारा शहराची लोकसंख्या सुमारे 1 लाख 84 हजार होती. 3 जुलै 2009 रोजी नालासोपाऱ्यासह चार नगरपालिका आणि आसपासची गावे मिळून महानगरपालिका झाली. 2011 च्या जनगणनेत तिची लोकसंख्या 12 लाखांवर गेली.

रूळ त्या वेगाने वाढले नाहीत. बोरिवली ते विरार फक्त दोन मार्गिका होत्या. लोकल, मेल आणि मालगाड्या त्याच रुळांवरून जात, आणि एक गाडी रखडली की मागच्या सगळ्या खोळंबत. चौपदरीकरण 2007 मध्ये पूर्ण झाले. सिग्नलची पद्धत त्याआधीच बदलली होती. स्वयंचलित पद्धतीत दोन स्थानकांमधला रूळ लहान तुकड्यांत विभागलेला असतो. प्रत्येक तुकड्यातून सौम्य वीज वाहते. गाडीची चाके तिला एका रुळावरून दुसऱ्यावर आडवाट देतात आणि मागचा सिग्नल आपोआप लाल होतो. तारेवर ‘लाइन क्लिअर’ विचारण्याचे काम असे रुळानेच अंगावर घेतले आणि दोन स्थानकांमध्ये एकामागून एक अनेक गाड्या सोडता येऊ लागल्या. गाड्याही लांबल्या. नऊ डब्यांच्या बारा झाल्या, 2009 पासून पंधरा डब्यांच्या जलद लोकल आल्या आणि 28 जून 2021 पासून अंधेरी–विरार धीम्या मार्गावरही पंधरा डबे धावू लागले. अशी गाडी तीनशे मीटरांहून लांब असते, म्हणून फलाटही तितके लांबवावे लागले.

आज या स्थानकाच्या कामाचे माप म्हणजे लोकलचा एक थांबा. तो साधारण अर्ध्या मिनिटाचा. इंडिकेटरवर शेवटचे स्थानक, जलद की धीमी आणि डब्यांची संख्या दिसते. त्यावरून फलाटावरची गर्दी पुढे-मागे सरकते. नेहमीचा प्रवासी डबा शोधत नाही. पुलाच्या जिन्याखाली, स्टॉलसमोर, अमक्या खांबाशी दार येते हे त्याला पाठ असते. गाडी पुरती थांबण्याआधीच चढणे सुरू होते. मागच्या केबिनमधला गार्ड (2022 पासून त्याच्या पदाचे नाव ‘ट्रेन मॅनेजर’) फलाटाकडे पाहून दोन घंटा देतो आणि मोटरमन गाडी सोडतो. एक घंटा म्हणजे थांबा.

सकाळची विरारहून आलेली गाडी इथे पोहोचेपर्यंत बसण्याची जागा भरलेली असते. यावर प्रवाशांनी काढलेला तोडगा म्हणजे ‘डाऊन करणे’: नालासोपाऱ्याहून आधी उलट्या दिशेच्या गाडीने विरारला जायचे आणि तीच गाडी चर्चगेटकडे वळली की बसून यायचे. चार किलोमीटर मागे जाऊन साठ किलोमीटरची बैठक मिळते. वेळ थोडा जास्त जातो. जागेच्या या चढाओढीत विरारला उतरणाऱ्यांना दारात आत शिरणाऱ्यांशी झगडावे लागते, आणि ‘डाऊन’वाल्यांवरून होणारी भांडणे या मार्गाला नवी नाहीत. 5 मे 1992 रोजी चर्चगेट–बोरिवली सुरू झालेली महिला विशेष गाडी पुढच्या वर्षी विरारपर्यंत आली, तेव्हा नालासोपाऱ्याच्या नोकरदार बायकांना निदान एक आख्खी गाडी मिळाली. नऊ डब्यांच्या लोकलमध्ये सतराशे-अठराशे माणसांची सोय असताना साडेचार हजारांहून अधिक चढत. या गर्दीला रेल्वेच्या कागदांत वेगळी संज्ञा आहे, ‘अतिदाट’: एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा उभे प्रवासी.

सखल जागेची निवड पावसाळ्यात भोवते. तुंगारेश्वराच्या उतारावरचे पाणी पश्चिमेला समुद्राकडे जाते आणि वाटेत त्याला रुळांचा बांध आडवा येतो. पूर्वी ते भातखाचरांत आणि मिठागरांत पसरून हळूहळू मोऱ्यांतून निघून जाई. खाचरांवर भराव पडले तसे ते रुळांवर चढू लागले. जुलै 2018 मध्ये वसई–विरार दरम्यान रूळ बुडाले आणि लोकल बंद ठेवाव्या लागल्या. पाणी रुळांवर आले की रुळांतली सौम्य वीज पाण्यातूनच आडवाट घेते, सिग्नल गाडी नसतानाही लाल राहतो, आणि लोकलच्या मोटारी डब्याखाली चाकांपाशी असल्याने त्यांत पाणी शिरण्याचा धोका असतो. त्यानंतर या टापूत मोऱ्या वाढवणे आणि रूळ उचलणे ही पावसाळ्यापूर्वीची नेमाची कामे झाली.

मार्च 2019 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या 3-अ टप्प्यात बोरिवली–विरार पाचवी आणि सहावी मार्गिका आहे, आणि सुधारणा करायच्या स्थानकांच्या यादीत नालासोपाराही आहे. फलाटांच्या वर रुंद डेक बांधून येणारे आणि जाणारे प्रवासी वेगळे करणे हा त्या सुधारणेचा गाभा. तुळिंजकडून येणारा प्रवासी वरच्या वर पुलाला लागेल आणि सोपाऱ्याकडचा दुसऱ्या टोकाने. खाली फलाटावर जागा उरेल ती गाडीत चढणाऱ्यांसाठी.